समुद्री गवताच्या उथळ पट्ट्यांवर लुअरने मासेमारी : नागपुरातून जाणाऱ्यांसाठी

तळ्याकाठचा (धरमपेठ)

नमस्कार मंडळी,

मार्च महिन्यात तमिळनाडूतल्या मंडपमजवळ, पाल्क उपसागराच्या उथळ पाण्यात, तीन सकाळी लुअर, म्हणजे माशाला फसवणारे कृत्रिम आमिष, फेकून परत आलो. तेव्हापासून आपल्यातील चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे : पाण्याखाली सगळे गवतच असेल, तर गळ अडकत नाही का, आणि अडकत असेल तर तेथे लुअर फेकायचाच कशाला? प्रत्येकाला फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहावे, म्हणून हा धागा.

कशाला, याचे उत्तर आधी देतो. उघड्या वाळूवर लहान माशाला लपायला जागा नसते. गवतात कोळंबीची पिले, बारीक खेकडे, म्हाकुलांची पिले आणि बोटभर मासे दाटीने राहतात, आणि त्यांच्यावर जगणारे बाराकुडा, पारै म्हणजे ट्रेव्हली, टोळ, लहान गोबरे हे त्या गवताच्या कडेने फिरत असतात. आपल्या तळ्यातला मरळ जसा वेलींच्या फटीखाली दबा धरतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की समुद्रातला शिकारी एका जागी बसून राहण्यापेक्षा कडेकडेने गस्त घालतो, त्यामुळे त्याची जागा हेरण्यापेक्षा त्याची वाट हेरावी लागते.

आता गळ अडकण्याविषयी. पहिल्या सकाळी माझी मोठी चूक झाली, ती सांगतो, कारण हा धागा त्या चुकीमुळेच सुचला. मी तीन पाकळ्यांचे दोन गळ असलेला, पाण्यात साधारण मीटरभर बुडणारा मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचा कडक लुअर, लावला होता. पाणी छातीभर होते, म्हणजे मीटरभर बुडणारा लुअर चालेल असा हिशेब मी केला. पण तळापासून हातभर उंच गवत उभे आहे, हे त्या हिशेबात धरलेच नाही. पहिल्या फेकीला पाने आली, दुसरीला पाने आली, आणि तिसऱ्या फेकीला काही तरी जड लागले म्हणून मी रॉड जोरात मागे ओढला. वर आले ते गवताचे आडवे खोड होते, करंगळीपेक्षा बारीक, फिकट तपकिरी, त्यावर ओळीने चार फुटवे आणि खाली पांढऱ्या मुळांचा झुबका, त्यात वाळू तशीच धरलेली. एका पानावर तांदळाच्या दाण्याएवढी शंखी चिकटली होती, आणि नावेच्या फळीवर आपटताच त्यातून काचेसारखी पारदर्शक, डोळेच काय ते काळे, अशी एक कोळंबी उडी मारून बाहेर पडली. ज्यांच्या वल्लमवर, म्हणजे तिकडच्या लहान नावेवर, मी बसलो होतो, त्या म्हाताऱ्या नाखव्यांनी काही न बोलता कोळंबी ओंजळीने पाण्यात सोडली, ते खोड माझ्या गळातून हळूहळू सोडवले, आणि मग माझ्या लुअरचे दोन्ही तिहेरी गळ काढून माझ्या हातात ठेवले. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यापेक्षा स्पष्ट सांगणे शक्य नव्हते.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मोजतो : गवताच्या शेंड्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत किती पाणी उरले आहे. तेवढेच पाणी आपले आहे. त्याच्या खालचे पाणी गवताचे आणि त्यात राहणाऱ्यांचे आहे. एकूण खोली चार फूट असेल आणि गवत दीड फूट, तर माझ्याकडे अडीच फूट आहे, आणि लुअर त्यातल्या वरच्या दोन फुटांतच चालला पाहिजे. शिकारी मासा गवतातून वर पाहतो, त्यामुळे वरून जाणारा लुअर त्याला आकाशाच्या उजेडावर सावलीसारखा दिसतो, आणि तो वर येऊन घेतो. त्याच्या तोंडापर्यंत लुअर नेऊन पोहोचवण्याची गरज नसते.

दुसऱ्या सकाळी बोटभर लांबीचे पांढरे मऊ रबरी लुअर ऑफसेट (मानेशी वाकवलेल्या) गळावर अशा रीतीने बसवले की गळाचे टोक रबरात झाकलेले राहील. शिसे मुळीच लावले नाही. गवतात मधून मधून वाळूचे फिकट गोल दिसतात, घोंगडीला पडलेल्या भोकांसारखे. त्या गोलाच्या दोन हात पलीकडे फेकायचे, गवतावरून हळू सरकवत आणायचे, आणि वाळूच्या कडेवर आले की दोरी ढिली सोडून लुअर आपोआप खाली जाऊ द्यायचा. दोन वेळा नेमक्या त्या क्षणी ओढ बसली. एक बाराकुडा होता, हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचा, ज्याला तिकडे शीला म्हणतात, आणि दुसरी लहान पारै. दोन्ही सोडून दिल्या. त्या सकाळी सुमारे साठ फेकींत गवताचे मूळ एकदाही वर आले नाही, याचे समाधान मला माशांपेक्षा जास्त आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी विचारावे. ज्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे त्यांनी दुरुस्त करावे.

वनस्पतीवेडी (बजाजनगर)

तुमच्या गळावर जे आले, त्याविषयी लिहिते, कारण मी तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि दरवर्षी निम्मा वर्ग समुद्री गवताला शेवाळ म्हणायचा.

ते शेवाळ नाही. शेवाळाला खरे मूळ, खोड, फूल यांपैकी काहीच नसते. समुद्री गवताला तिन्ही असतात. ही सपुष्प वनस्पती आहे, जिचे पूर्वज जमिनीवर होते आणि जी पुन्हा समुद्रात गेली. जगभरात तिच्या सुमारे 70 जाती आहेत. तुम्ही वर्णन केलेले आडवे खोड म्हणजे तिचा कंद-खोडाचा भाग, आपल्या हरळीच्या काशा असतात तसा. वाळूच्या खाली तो आडवा पसरत जातो आणि प्रत्येक पेरावर मुळे व फुटवा देतो. पान खालच्या बुडाकडून वाढते. म्हणून कासवाने किंवा माशाने पानाचा शेंडा खाल्ला, तर ते पुन्हा वाढते. पण आडवे खोड उपटले गेले, तर त्या जागी उघडी वाळू राहते, लाटा ती वाळू उकरतात, आणि ती जखम भरण्यापेक्षा मोठी होत जाते. काही जातींना अशी पट्टी पुन्हा भरून काढायला कित्येक वर्षे लागतात. तेव्हा पाने आली आणि खोड आले, या दोन गोष्टींत तुम्ही जो फरक केला, तो अगदी बरोबर आहे.

पाल्क उपसागरात आणि मन्नारच्या आखातात एका ठिकाणी अनेक जाती मिसळून वाढतात, आणि लुअर फेकणाऱ्याने त्या ओळखल्या तर त्याला गवताची उंची न मोजताही अंदाज येईल. सिमोडोसिया आणि थॅलासिया यांची पाने फितीसारखी चपटी असतात, साधारण वीतभर ते हातभर. सिरिंगोडियमचे पान सुतळीसारखे गोल असते. हॅलोफिला ओव्हालिसचे पान तर अंगठ्याच्या नखाएवढे, अंडाकृती, आणि ते तळालाच चिकटून असते. त्यावरून तुम्ही लुअर निर्धास्त नेऊ शकाल. याच्या उलट एनहॅलस. त्याची पट्ट्यासारखी पाने मीटरभर आणि त्याहून लांब होतात, आणि ओहोटीला ती पाण्यावर आडवी तरंगतात. एनहॅलसची नरफुले तर देठापासून सुटून पाण्याच्या पृष्ठभागावर येतात आणि वाऱ्याने ढकलली जाऊन मादीफुलापर्यंत पोहोचतात. पांढऱ्या कणांची अशी रांग पाण्यावर दिसली, तर कृपा करून त्यातून पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायचा लुअर) ओढू नका. ते त्या गवताचे बी तयार होण्याचे दिवस असतात.

आणखी एक. समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, पूर्णपणे या गवतावर जगते. तिच्यासाठी तमिळनाडू सरकारने 2022 साली पाल्क उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे राखीव संवर्धन क्षेत्र जाहीर केले. ती गवत उपटून खात पुढे सरकते आणि मागे वाळूची एक लांब वळणदार वाट राहते. तळ्याकाठचा भाऊ, तुम्हाला असे गोल नव्हे तर लांब फिकट पट्टे दिसले का?

तळ्याकाठचा (धरमपेठ)

ताई, लांब पट्टे दोन दिसले होते, पण एक सरळ रेषेत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाने कापल्यासारखी होती. नाखव्यांनी हात गोल फिरवून दाखवले, त्यावरून तो इंजिनाच्या पंख्याने पाडलेला असावा असे मला समजले. दुसरा खरोखर वळणदार होता. तो पाहून ते काही तरी बोलले आणि त्यांनी हात जोडले. त्याचा अर्थ मला आज तुमचे वाचून लागला.

इंजिनाचा विषय निघालाच आहे, तर तिसऱ्या सकाळची तक्रारही नोंदवतो. त्या दिवशी ते नाखवे आजारी होते, म्हणून मी दुसऱ्या एकाची यांत्रिक नाव ठरवली. त्याने मला खुश करण्यासाठी नाव थेट गवताच्या पट्ट्यावर नेली, पंखा पाण्यात चालू, आणि मागे चिखलाचा ढग. मी थांबवायला सांगेपर्यंत पन्नास-साठ हात गवत कापले गेले होते. त्या सकाळी एकही मासा लागला नाही, आणि लागावा अशी माझी इच्छाही उरली नव्हती. म्हणून जाणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे : ठरवतानाच विचारा की गवतावर नाव बांबूने ढकलणार का. ढकलणार नसतील, तर पट्ट्याच्या बाहेर नांगर टाकून, वाळूत, आणि तेथून आत फेका. लांब फेक करता येत नसेल तर आधी ती शिका.

खारा वारा (मानेवाडा)

मी जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त होऊन नागपुरात परतलो, पण मधली काही वर्षे तुतीकोरीन आणि रामेश्वरम या भागात काढली. वारा, पाणी आणि नियम यांविषयी लिहितो.

तिकडचे मच्छीमार रामेश्वरम बेटाच्या उत्तरेकडील पाण्याला, म्हणजे पाल्क उपसागराला, वडकडल म्हणतात आणि दक्षिणेकडील मन्नारच्या आखाताला तेनकडल. दोन्ही समुद्र पंबनच्या पुलावरून एका नजरेत दिसतात, पण त्यांचे हंगाम एकमेकांच्या उलट चालतात. ईशान्य मोसमी वारे सुटले, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, की वडकडल खवळतो आणि तेनकडल त्या मानाने शांत राहतो. नैऋत्य वाऱ्यांच्या महिन्यांत हे उलटे होते. लुअरवाल्यासाठी याचा अर्थ असा की खवळलेल्या बाजूला पाणी गढूळ होते, गवत दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावरून लुअर नेता येत नाही. फेब्रुवारी-मार्च हा वडकडलसाठी चांगला काळ आहे, आणि तुम्ही नेमका तोच निवडला.

भरती-ओहोटीबाबत आपल्या लोकांचा गैरसमज होतो, कारण आपण मुंबई पाहिलेली असते. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते. पाल्क उपसागरात ते मीटरभरही चढत नाही. म्हणून कोणी 'भरती पूर्ण झाल्यावर जाऊ' असे म्हणत वाट पाहू नये. तेथे उंचीपेक्षा पाण्याची ओढ महत्त्वाची : ओढ सुरू झाली की पाने एका दिशेला वाकतात, शेंड्यांची उंची वीतभराने कमी होते, आणि लुअरला तेवढे जास्त पाणी मिळते. पाने ज्या दिशेला वाकली आहेत, त्याच दिशेने लुअर ओढला तर तो पानांवरून घसरत येतो. उलट दिशेने ओढला तर प्रत्येक पानात शिरतो. कंगवा केसांच्या कलाने फिरवला तर अडकत नाही, तसेच हे आहे.

ऊन पाठीशी घेऊन उभे राहावे आणि पोलराइज्ड चष्मा लावावा, नाही तर वाळूचे गोल दिसणारच नाहीत. सकाळी साडेआठ-नऊनंतर सूर्य वर आला की तळ सगळ्यांत स्पष्ट दिसतो. पण मासे मात्र त्याआधी, उजाडताना, जास्त धीट असतात. या दोन्हींचा मेळ घालायचा तर उजाडताना पृष्ठभागावरचा पॉपर किंवा स्टिकबेट वापरावा, कारण त्याला तळ दिसण्याची गरज नाही, आणि ऊन वर आले की रबरी लुअर.

नियम थोडक्यात, पण ते मोडू नयेत. मन्नारच्या आखातातील 21 बेटे 1986 पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत. तेथे जाऊन मासेमारी करायची नाही, कोणी स्थानिक माणूस नेतो म्हणाला तरी नाही. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक नावांना मासेमारीची बंदी असते. जाण्यापूर्वी त्या जिल्ह्याच्या वनविभागात आणि मत्स्यविभागात जाऊन, कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे समक्ष विचारून घ्यावे. लक्षद्वीपला जाण्याचा कोणाचा विचार असेल, तर तेथे प्रवेशपरवाना आधी काढावा लागतो.

शेवटी पायांविषयी. पाण्यात उतरून चालायचे असेल तर पाऊल उचलून टाकू नका, वाळूवर घासत पुढे न्या. वाळूत पुरून बसलेला पाकट त्या घासण्याने आधीच सरकतो. त्याच्या अंगावर पाय पडला तर तो शेपटीचा काटा मारतो. आणि उतरायचेच असेल तर वाळूच्या गोलांतून चाला, गवतावरून नव्हे.

नवखा गळकरी (हुडकेश्वर)

काका, ताई, सगळे दोनदा वाचले. मी आजवर फक्त गोड्या पाण्यात मरळसाठी फ्रॉग लुअर वापरला आहे. माझ्याकडे सात फुटी मध्यम रॉड आणि 3000 आकाराचा रीळ आहे. त्यावर समुद्रात चालेल का, की सगळे नवे घ्यावे लागेल?

खारा वारा (मानेवाडा)

चालेल. त्या रिळावर 15 ते 20 पौंडी वेणीची दोरी भरा आणि पुढे दीड-दोन हात 25 ते 30 पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे लुअरजवळचा जाड दोरीचा तुकडा, बांधा. बाराकुडाचे दात कात्रीसारखे असतात. तो जास्त असेल त्या जागी लुअरच्या पुढे वीतभर बारीक तार जोडावी, म्हणजे लुअर तोंडात घेऊन मासा पळून जाणार नाही. लुअर गेल्याचे दुःख नाही, पण तोंडात गळ अडकलेला मासा पुढे जगेल याची खात्री राहत नाही. रीळ परतल्यावर रोज गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवा. जोराची धार मारली तर मीठ आत ढकलले जाते.

तिहेरी गळ सगळे काढून एकेरी गळ लावा, आणि पकडीने त्यांचा उलटा काटा दाबून टाका. गवतातही तो कमी अडकतो आणि माशातून सहज निघतो.

मामा तलाव (भंडारा, सध्या नंदनवन)

माझे घराणे ढिवरांचे. आमच्याकडे लुअर नव्हता, जाळे आणि गरी होती. पण पाण्यातल्या झाडोऱ्याशी आमचे नाते या धाग्यात जे लिहिले जात आहे त्याच्यासारखेच आहे, म्हणून लिहितो.

पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांत पूर्वी तळाला रुजलेल्या आणि पाण्यावर तरंगत्या पानांच्या वनस्पती भरपूर असत, आणि माशांना अंडी घालायला तीच जागा लागे. पुढे कोठे 'तलाव स्वच्छ करू' म्हणून, कोठे गाळ काढताना, सगळा झाडोरा उपटला गेला. काठावर बेशरमाची झुडपे माजली, आणि आमच्या लोकांच्या जाळ्यात यायचे ते स्थानिक मासे कमी झाले. ज्या गावांत लोकांनी, त्यातही बायांनी, बेशरम काढून जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेथे मासेही परत आले. झाडोरा अडचण नाही, तो घर आहे, हे आमच्या वडीलधाऱ्यांना माहीत होते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, समुद्री गवतावर तिथले मच्छीमार खेकड्यांची जाळी लावून ठेवतात असे ऐकले आहे. आपला लुअर त्यांच्या जाळ्यात अडकला तर काय करायचे? आमच्या तलावावर शहरातून आलेली मुले जाळ्यावर गळ फेकतात आणि अडकला की दोरी ओढून जाळे फाडतात. दुरुस्तीला आम्हाला एक दिवस जातो. दुसरी, मासा सोडून देण्यात मला काही वाईट वाटत नाही, पण ज्याच्या नावेतून गेलो, त्याच्या चुलीवर त्या दिवशी काय शिजले, हेही पाहावे.

तळ्याकाठचा (धरमपेठ)

दादा, तुमच्या दोन्ही प्रश्नांबद्दल मनापासून आभार. माझ्या पहिल्या लेखात ही बाजू राहून गेली होती.

जाळी असतात. काठीला बांधलेले थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या पाण्यावर तरंगताना दिसतात, त्या दोन खुणांच्या मधल्या रेषेत जाळे समजायचे. मी त्या रेषेपासून दोन फेकींएवढे अंतर ठेवतो. तरीही अडकलाच, तर दोरी ओढायची नाही. नाव तेथे न्यायची आणि हाताने सोडवायचे, किंवा सुटत नसेल तर आपली दोरी कापायची. लुअर आपला आहे, जाळे त्यांचे पोट आहे.

दुसऱ्याबद्दल. मी नाखव्यांना दिवसाची मजुरी त्यांनी सांगितली तेवढी, घासाघीस न करता दिली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी जो एक मासा लागला होता आणि गळ खोल गेल्याने जगणार नव्हता, तो त्यांना दिला. तो ओरा होता, आपण ज्याला रॅबिटफिश म्हणतो. तो गवत आणि त्यावरचे शेवाळ खाणारा मासा आहे, तरी लुअरला कसा लागला हे मला अजून उमगलेले नाही. बहुधा जवळ आलेल्या वस्तूला टोच मारायला गेला असावा. नवख्यांनी लक्षात ठेवावे की ओराच्या पाठीवरचे आणि पोटाखालचे काटे विषारी असतात. मी पकडीने धरला, तरी नाखव्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतः गळ काढला.

तुमच्या तलावावरच्या मुलांबद्दल वाचून वाईट वाटले. आपल्या गटातील कोणी तेथे आले, तर आधी तुमच्या संस्थेची परवानगी घेऊन येईल, याची जबाबदारी मी घेतो.

मनीषनगरची मालवणी

माझे माहेर मालवणजवळचे, आणि आमच्याकडे गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. इथे कोणी तरी 'पाल्क उपसागर दूर आहे, कोकणात हे जमेल का' असे विचारण्याआधीच उत्तर देते.

कोकणात तुम्हाला गवताचे असे गालिचे मिळणार नाहीत. आमच्या काही खाड्यांच्या चिखलावर हॅलोफिलाची बारीक पाने ओहोटीला उघडी पडतात, तेवढेच. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो आणि पाणी कित्येक महिने गढूळ असते, त्यामुळे खोलवर ऊन पोहोचत नाही. तिथे चालू नका आणि तिथे लुअरही फेकू नका. त्या पानांची उंची बोटाएवढीसुद्धा नाही आणि ती जागा फार थोडी आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 सालापासून आहे, त्याच्या हद्दीचीही आधी चौकशी करा.

मात्र सराव करायचा तर कोकणाचा एक फायदा आहे. आमच्याकडे पाणी बरेच चढते-उतरते, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या पाण्यात किती फरक असतो, हे डोळ्यांना दिसते. भांगाला ओढ कमी, पाणी निवळ. ओहोटीला खडकांवरची शेवाळे उघडी पाहून ठेवा, जागा मनात नोंदवा, आणि पाणी चढल्यावर त्याच जागेवरून लुअर नेऊन पाहा. तळ न दिसताही त्याच्या वरून लुअर कसा न्यायचा, हे आठवड्याभरात हाताला कळते. माझे वडील गरीने जिताडा आणि तांबोशी गरवत, आणि त्यांची सगळी विद्या हीच होती की ओहोटीला खाडी चालून पाहायची.

वनस्पतीवेडी (बजाजनगर)

ताईंनी गाळ आणि उन्हाचे जे लिहिले, त्याला दुजोरा देते. या गवताला ऊन लागते, म्हणून ते उथळ आणि निवळ पाण्यातच दाट होते. याच कारणाने नावेने उडवलेला चिखल पानांवर बसणे हे कापण्याइतकेच वाईट.

लक्षद्वीपचा उल्लेख झाला म्हणून एक भर. तेथील बेटांच्या काही उथळ खाऱ्या सरोवरांत (लगूनमध्ये) हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली की त्यांनी गवत चरून जवळजवळ संपवले, आणि त्यावर अवलंबून असलेले मासेही कमी झाले. म्हणजे तेथे पोहोचल्यावर जुन्या माहितीवर भरवसा ठेवू नये. गवत आज आहे की नाही, हे आधी पाहावे, आणि उरलेल्या तुकड्यावर तर मुळीच लुअर फेकू नये.

नवखा गळकरी (हुडकेश्वर)

काकांनी सांगितलेले एकेरी गळ लावले, काटे दाबले, आणि रविवारी परवानगी असलेल्या एका तळ्यावर सराव केला. पाण्याखाली हायड्रिला होता, त्याचे शेंडे पाण्यापासून दीड फुटावर. ऑफसेट गळावर झाकून बसवलेला रबरी लुअर चाळीस फेकींत तीनदा अडकला, आणि तिन्ही वेळा मी दोरी ओढण्याऐवजी ढिली सोडून रॉडचे टोक हलवले, दोनदा सुटला. तिसऱ्यांदा वेलाचा तुकडा आला. एका कोपऱ्यात मरळीची लालसर पिले एका झुंडीत वर येत होती, खाली जोडी राखण करत असणार, म्हणून तेथे फेकलेच नाही.

पण एक शंका आली. लुअर इथे मी म्हणतो तेथे थांबतो. समुद्रात तो त्याच उंचीवर थांबेल का? मीठ असल्याने पाणी जड असते ना?

तळ्याकाठचा (धरमपेठ)

उत्तम शंका आहे, आणि पहिल्या सकाळी माझ्या डोक्यात ती आली नव्हती. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे जो मिनो तळ्यात जागच्या जागी तरंगून राहतो, तो समुद्रात हळूहळू वर येतो. आणि जो रबरी लुअर तळ्यात बुडतो, तो समुद्रात जरा सावकाश बुडतो. गवतावर हे आपल्या फायद्याचेच आहे, पण आधी माहीत असले पाहिजे.

हे नागपुरातच पाहता येते. बादलीत दहा लिटर पाणी घ्या, त्यात 350 ग्रॅम साधे मीठ पूर्ण विरघळवा, म्हणजे जवळपास समुद्राच्या पाण्याइतके जड पाणी तयार होते. शेजारी साध्या पाण्याची दुसरी बादली ठेवा. प्रत्येक लुअर, त्याला जो गळ लावणार तोच गळ लावून, आधी एका आणि मग दुसऱ्या बादलीत सोडा. रबरी लुअर पृष्ठभागापासून तळाला किती सेकंदांत पोहोचतो ते घड्याळावर मोजा आणि डबीवर लिहून ठेवा. तळ्यात जागच्या जागी राहणारा दहा ग्रॅमचा मिनो समुद्रातही तसाच राहायला हवा असेल, तर त्याच्या पोटाला सुमारे पाव ग्रॅमची शिशाची चिकटपट्टी लावावी लागेल. पण गवतावर मी ती लावणार नाही. वर येणारा मिनो अडकत नाही.

नवखा गळकरी (हुडकेश्वर)

आज आईकडून मीठ मागून घेतले आणि गच्चीवर दोन बादल्या मांडल्या. माझा चार इंची पांढरा रबरी लुअर, 3/0 आकाराच्या ऑफसेट गळासह, साध्या पाण्यात तळाला जायला चार सेकंद घेतो आणि मिठाच्या पाण्यात जवळजवळ सहा. बादलीची खोली एक फूट आहे. म्हणजे दीड फूट पाणी मोकळे असेल, तर लुअर पडल्यापासून आठ-नऊ सेकंदांच्या आत मला ओढायला सुरुवात केली पाहिजे, नाही तर तो शेंड्यांत जाईल. मी सातच धरतो आहे.

मिनो मिठाच्या पाण्यात वर आला. त्याचे तिहेरी गळ काढल्यावर तर आणखी वेगाने वर आला, म्हणून एकेरी गळ थोडे जाड तारेचे लावून पाहतो. उद्या सगळ्या डब्यांवर सेकंद लिहून फोटो टाकतो. खारा वारा काका, फेब्रुवारीच्या कोणत्या आठवड्यात निघायचे?

खारा वारा (मानेवाडा)

अष्टमीच्या आसपासचे चार दिवस पाहून ठेव. पाल्कमध्ये पाणी फारसे चढत नसले तरी तेव्हा ओढ सौम्य असते आणि पाणी निवळ राहते. नवख्याला तळ दिसणे सगळ्यांत महत्त्वाचे. नागपूरहून चेन्नई आणि चेन्नईहून रात्रीच्या गाडीने रामेश्वरमकडे, असा दोन टप्प्यांचा प्रवास धर. रॉड दोन तुकड्यांचा घे, आणि तो पीव्हीसीच्या नळीत घालून ने. त्या म्हाताऱ्या नाखव्यांची तब्येत कशी आहे, हे तळ्याकाठच्याने विचारून ठेवावे. त्यांची वल्लम मिळाली तर दुसरी कोणतीच नाव ठरवू नये.

तळ्याकाठचा (धरमपेठ)

काल फोन झाला. त्यांच्या नातवाला हिंदी येते. ते बरे आहेत, आणि नव्या बांबूची काठी तयार केल्याचे त्याने सांगितले.